घरगुती सीएनसी मिलिंग यंत्र : संगणक स्वस्त, ताठरपणा महाग

चामोर्शी (जि. गडचिरोली) : मार्कंडा येथील शिल्पसमृद्ध मंदिरांमुळे परिचित असलेल्या चामोर्शी तालुक्याचे नाव अलीकडे लोखंडाच्या संदर्भात घेतले जाऊ लागले आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरातून निघणाऱ्या खनिजावर आधारित लोहप्रकल्प याच तालुक्यातील कोनसरी येथे उभा राहिला आणि २०२५ मध्ये तेथे एकात्मिक पोलाद कारखान्याची पायाभरणीही झाली. लोखंड असे दाराशी आले. ते अचूक मापात घडविणारी यंत्रे मात्र अजून दूरच्या शहरांत आहेत. भात हे या भागाचे मुख्य पीक. ऐन हंगामात भातगिरणीचा शाफ्ट झिजला किंवा गियरचा दात तुटला, तर वेल्डिंगची डागडुजी गावात होऊ शकते. मापात बसणारा नवा भाग हवा असेल तर अनेकदा चंद्रपूरची किंवा नागपूरची वाट धरावी लागते. गडचिरोलीहून नागपूरचे अंतर सुमारे १७० किलोमीटर आहे. तुटलेला भाग हातभर लांबीचा असला, तरी त्याच्यामुळे गिरणी मात्र पूर्ण बंद राहते.

या अडचणीवरचा एक उपाय म्हणजे धातू कापणारे संगणकनियंत्रित मिलिंग यंत्र, अर्थात सीएनसी, स्वतः बांधणे. गेल्या दोन दशकांत जगभरातील हौशी कारागिरांनी आणि लहान कार्यशाळांनी अशी यंत्रे बांधली आहेत. तथापि, लाकूड किंवा प्लास्टिक कोरणारे यंत्र आणि पोलाद कापणारे यंत्र यांत दिसते त्यापेक्षा फार मोठे अंतर आहे. हे अंतर न ओळखल्याने अनेकांचे पैसे व श्रम वाया जातात. ते अंतर नेमके कोठे आहे, याचा हा आढावा.

फिरते कटर, सरकते टेबल

लेथ यंत्रात वस्तू फिरते आणि हत्यार स्थिर असते. मिलिंगमध्ये नेमके उलट घडते. अनेक धारांचे कटर वेगाने फिरते आणि टेबलावर घट्ट पकडलेली वस्तू त्याच्याखालून सरकते. सपाट पृष्ठभाग, खाचा, शाफ्टवरील चावीची खाच, बेअरिंगची घरे, मोटारीची बैठक अशी कामे या पद्धतीने होतात. वस्तू ठरावीक अंशांत फिरविणारे जोडसाधन बसविल्यास गियरचे दातही कापता येतात.

पूर्वी टेबल हाताच्या चाकाने सरकवीत. संगणकनियंत्रित यंत्रात हे काम प्रत्येक अक्षाची मोटार करते. कटरने कोणत्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंत, सरळ की वर्तुळाकार आणि किती वेगाने जायचे, हे जी-कोड या सांकेतिक भाषेत लिहिलेले असते. या तंत्राचे मूळ अमेरिकेतील जॉन पार्सन्स यांच्या प्रयत्नांत आहे. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वक्र आकार अचूक मिळावेत म्हणून त्यांनी आकडेमोडीवर चालणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, या संस्थेत १९५२ मध्ये छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून आज्ञा घेणाऱ्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. त्या वेळी नियंत्रणासाठी निर्वात नळ्यांनी भरलेली कपाटे लागत. आज तेच काम तळहाताएवढा सर्किट बोर्ड करतो.

नायकुंडपासून पाबळपर्यंत

विदर्भाला लोखंड नवे नाही. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथील उत्खननात महापाषाण संस्कृतीच्या काळातील लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. जुन्या चांदा जिल्ह्यातील लोहारा, देऊळगाव या परिसरातील समृद्ध खनिजाचा उल्लेख ब्रिटिश काळातील नोंदींत आढळतो. खनिज ओळखण्याची आणि गाळण्याची विद्या या भूमीत होती. यंत्रे घडविणाऱ्या यंत्रांचा उद्योग मात्र अन्यत्र वाढला.

महाराष्ट्रातील त्याचे ठळक उदाहरण किर्लोस्करांचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानाने सुरुवात केली. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानच्या पाठिंब्यावर माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. तेथे लोखंडी नांगर आणि शेतीची अवजारे तयार होऊ लागली. याच परिवारातून १९४१ मध्ये हरिहर येथे लेथसारखी यंत्रे बनविणारी म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी उभी राहिली. आधी शेतकऱ्याची गरज, मग अवजार आणि त्यानंतर अवजार घडविणारे यंत्र, असा हा क्रम होता. कोल्हापूरच्या ओतकाम उद्योगाची वाढही शेतीपंप आणि तेलावर चालणारी इंजिने यांच्या गरजेतूनच झाली.

अलीकडच्या काळातील सर्वांत जवळचे उदाहरण पुणे जिल्ह्यातील पाबळचे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम स्थापन केला. औपचारिक शिक्षणात मागे पडलेल्या ग्रामीण मुलांना हाताने काम करत शिकविणे, हा त्यामागील विचार होता. एमआयटीतील प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने २००२ मध्ये पाबळ येथे ‘फॅब लॅब’ सुरू झाली. संगणकनियंत्रित लहान यंत्रांची ही सामायिक कार्यशाळा अमेरिकेबाहेरील अशा पहिल्या प्रयोगांपैकी एक होती. आज शंभराहून अधिक देशांत अशा कार्यशाळा आहेत. संगणकनियंत्रित यंत्र खेड्यातील तरुणांच्या हाती देता येते, हे पाबळने दाखविले. मात्र, अशा कार्यशाळांतील नेहमीची मिलिंग यंत्रे मुख्यतः लाकूड, प्लास्टिक, मेण आणि सर्किट बोर्ड यांसाठी असतात. पोलाद कापायचे असेल तर प्रश्न बदलतो.

गणित ताठरपणाचे

एका साध्या हिशेबावरून हा फरक स्पष्ट होतो. समजा, १० मिलिमीटर व्यासाच्या, चार धारांच्या हायस्पीड स्टीलच्या कटरने साधे पोलाद कापायचे आहे. कटरच्या धारेचा वेग मिनिटाला ३० मीटर ठेवल्यास फेरे येतात मिनिटाला सुमारे ९५०. प्रत्येक धारेने ०.०५ मिलिमीटर धातू घ्यावा असे धरल्यास टेबल मिनिटाला १९० मिलिमीटर सरकेल. पूर्ण १० मिलिमीटर रुंदीची आणि २ मिलिमीटर खोलीची खाच पाडण्यास लागणारी शक्ती सुमारे १६० वॉट भरते. म्हणजे घरातील दोन पंख्यांइतकी!

याचा अर्थ, अडचण शक्तीची नाही. त्याच वेळी कटरच्या टोकावर सुमारे ३२० न्यूटन, म्हणजे ३२ किलो वजनाइतका दाब येतो आणि प्रत्येक धार धातूत शिरताना तो कमी-जास्त होत राहतो. या दाबाखाली सांगाडा ०.१ मिलिमीटर वाकला, तर कटर आत-बाहेर उड्या मारू लागते. पृष्ठभागावर लाटा उमटतात, कर्णकर्कश आवाज येतो आणि कटरची धार तुटते. कारागीर याला ‘थरथर’ म्हणतात. तोच सांगाडा एक मायक्रॉन वाकविण्यास २० न्यूटन लागतील इतका ताठ असेल, तर वाकणे ०.०१६ मिलिमीटरवर येते आणि काम स्वच्छ होते.

हा ताठरपणा वजनातून आणि आकारातून मिळतो. कारखान्यांत प्रसिद्ध असलेले ब्रिजपोर्ट पद्धतीचे हातचाकाचे मिलिंग यंत्र सुमारे ९०० किलोचे असते. ॲल्युमिनियमच्या तयार पट्ट्यांतून जुळविलेले टेबलावरचे हौशी यंत्र अनेकदा ५० किलोही भरत नाही. दोघांत एकच नियंत्रक आणि एकच संगणकप्रणाली बसविता येईल. त्यांनी कापलेले पोलाद मात्र सारखे दिसणार नाही.

सांगाडा : लोखंड, काँक्रीट की इपॉक्सी?

बांधणीचा पहिला नियम, अधांतरी लांबी कमी ठेवावी. एका टोकाला धरलेल्या दांड्याची लांबी दुप्पट केली तर तो त्याच दाबाखाली आठपट वाकतो. उलट, आयताकृती छेदाची उंची दुप्पट केली तर वाकणे आठपटीने घटते. म्हणून स्पिंडल खांबापासून फार पुढे काढू नये, टेबलाचा प्रवास गरजेपुरताच ठेवावा आणि खांब जाड असावा. ‘मोठ्यात मोठी वस्तू मावली पाहिजे’ हा मोह येथेच आवरावा लागतो.

साहित्यात पोलाद सर्वांत ताठ असते. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, त्याच्या साधारण निम्म्याने आणि ॲल्युमिनियम एक तृतीयांशाने. तरीही यंत्रांचे पाये परंपरेने बिडाचे असतात, कारण बीड कंपने शोषून घेते. पोलादी चौकोनी नळ्या वेल्ड करून केलेला सांगाडा ताठ असला तरी घंटेसारखा घुमतो. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने तो वाकतो आणि आत अडकलेला ताण पुढील काही महिन्यांत त्याला आणखी हलवितो. त्यामुळे सांगाडा भट्टीत सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवून सावकाश थंड करावा. ती सोय नसेल तर जाड पट्ट्या बोल्टने जोडाव्यात.

नळ्यांच्या पोकळीत इपॉक्सी आणि दगडाची खडी यांचे मिश्रण भरणे, हा घरगुती बांधणीतील सर्वाधिक उपयुक्त तोडगा ठरला आहे. खडी धुऊन पूर्ण वाळवावी. लहान-मोठे दाणे असे मिसळावेत की पोकळ्या कमीत कमी राहतील. वजनाच्या साधारण दहा टक्के इपॉक्सी त्यासाठी पुरते. साधे काँक्रीटही चालते. मात्र ते सुकताना आकसते. म्हणून ते भरून किमान २८ दिवस पाण्यावर ठेवल्याशिवाय आणि वाळू दिल्याशिवाय पुढील माप घेऊ नये. ही युक्ती नवी नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात तोफगोळ्यांच्या कामासाठी यंत्रे अपुरी पडली, तेव्हा अमेरिकेत लुसियन योमन्स यांनी काँक्रीटच्या पायावर मोठे लेथ उभारले होते. पुढे १९८० च्या सुमारास डेव्हिड गिंजरी यांनी भंगारातील ॲल्युमिनियम कोळशाच्या भट्टीत ओतून लेथ, शेपर आणि मिलिंग यंत्र क्रमाने बांधण्याची पुस्तिकामालाच लिहिली.

सरक आणि स्क्रू

टेबल सरकविण्यासाठी आता चौकोनी छेदाचे पोलादी रूळ आणि त्यावर धावणारे गोळ्यांचे ठोकळे तयार मिळतात. धातूकामासाठी २० ते २५ मिलिमीटर मापाचे रूळ घ्यावेत. बाजूंनी अधांतरी राहणारे गोल दांडे टाळावेत, कारण ते मधोमध वाकतात. रूळ स्वतः अचूक असतो. पण तो ज्या पृष्ठभागावर बसतो त्याचाच आकार घेतो. हा पृष्ठभाग शंभरातील एक-दोन मिलिमीटरपर्यंत सपाट हवा. तो शहरातील कार्यशाळेत एकदाच घासून आणावा, किंवा निळा रंग लावून उंचवटे शोधत हाताने खरवडावा. वेळखाऊ असले तरी हे काम टाळता येत नाही.

फिरत्या गतीचे सरळ गतीत रूपांतर बॉल स्क्रूने होते. साध्या आट्यांच्या स्क्रूत दिशा बदलताना ढिलाई राहते आणि घर्षणात बरीच शक्ती जाते. बॉल स्क्रूची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास असते. बाजारात सहज मिळणाऱ्या सी-७ दर्जाच्या स्क्रूत ३०० मिलिमीटरमागे ०.०५ मिलिमीटरपर्यंत चूक गृहीत धरावी. येथे एक धोकाही आहे. बॉल स्क्रू इतका मोकळा फिरतो की वीज जाताच उभ्या अक्षावरील जड स्पिंडल आपल्याच वजनाने खाली येऊ शकते. म्हणून उभ्या अक्षाच्या मोटारीला ब्रेक हवाच. तो नसेल तर स्पिंडलच्या वजनाचा समतोल साधणारी व्यवस्था करावी.

स्पिंडल : फेऱ्यांपेक्षा पीळ महत्त्वाचा

घरगुती यंत्रांत सर्वाधिक चुका स्पिंडलच्या निवडीत होतात. लाकूडकामासाठी मिळणारे २.२ किलोवॉटचे, मिनिटाला २४ हजार फेऱ्यांचे स्पिंडल आकर्षक वाटते. परंतु त्याचा पीळ, म्हणजे फिरविण्याचा जोर, एक न्यूटन-मीटरही भरत नाही. वर दिलेल्या उदाहरणात ९५० फेऱ्यांवर १.६ न्यूटन-मीटर लागतात. तेथे हे स्पिंडल अडकून बसते. त्याउलट, साधी दोन अश्वशक्तीची, १,४४० फेऱ्यांची तीन फेजची मोटार सुमारे १० न्यूटन-मीटर देते. पट्टा आणि पुलीने फेरे कमी केल्यास हा जोर आणखी वाढतो. चांगली शंकूच्या आकाराची बेअरिंगे आणि कटर घट्ट पकडणारे प्रमाणित टोक असलेले पट्ट्यावरचे स्पिंडल पोलादासाठी अधिक योग्य ठरते. ॲल्युमिनियमच्या कामात मात्र फेरे वाढविता आले पाहिजेत.

मोटारी आणि मेंदू

अक्ष चालविण्यासाठी स्टेपर किंवा सर्व्हो मोटारी वापरतात. स्टेपर मोटार एका फेऱ्यात साधारणतः २०० पावले टाकते. एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकणाऱ्या स्क्रूवर एक पाऊल ०.०२५ मिलिमीटरचे होते. पावलाचे आठ भाग केल्यास कागदावर ते ०.००३ मिलिमीटर येते. हा आकडा अचूकतेचा नाही, केवळ सूक्ष्मतेचा आहे, हे ध्यानात ठेवावे. सांगाडा वाकत असेल तर ही सूक्ष्मता निरुपयोगी आहे. शिवाय जोर कमी पडून मोटारीचे पाऊल चुकले, तर साध्या रचनेत नियंत्रकाला ते कळतही नाही. जड यंत्रासाठी मागचा संदेश घेणाऱ्या मोटारी अधिक भरवशाच्या.

नियंत्रणप्रणालीचा खर्च जवळपास नाहीसा झाला आहे. अमेरिकी सरकारच्या मानके संस्थेत सुरू झालेल्या संशोधनातून पुढे आलेली लिनक्ससीएनसी ही प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे आणि जुन्या संगणकावरही चालते. लहान बोर्डांसाठी २००९ मध्ये आलेली जीआरबीएल ही प्रणालीही मुक्त आहे. आराखडा काढून जी-कोड तयार करण्यासाठी फ्रीकॅडसारखी मुक्त साधने आहेत. १९५२ मध्ये दुर्मीळ असलेला भाग असा आज सर्वांत स्वस्त झाला आहे.

ऊन, पाऊस आणि वीज

विदर्भातील बांधणीत स्थानिक हवामानाचा विचार अपरिहार्य आहे. अभियांत्रिकी मापे २० अंश तापमानाला धरली जातात. येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पोलादाचा एक मीटरचा दांडा प्रत्येक अंशामागे सुमारे साडेअकरा मायक्रॉनने वाढतो. अर्ध्या मीटरच्या भागात २० अंशांच्या फरकाने ०.११ मिलिमीटरपेक्षा अधिक वाढ होते. यंत्र आणि वस्तू दोन्ही पोलादाची आणि सारखी तापलेली असतील तर चूक बरीचशी फिटते. ॲल्युमिनियम मात्र दुप्पट वाढते. त्यामुळे बेअरिंगच्या घरासारखे अचूक काम सकाळी करावे आणि वस्तू रात्रभर यंत्राशेजारी ठेवावी. पावसाळ्यात रूळ व स्क्रू गंजू नयेत म्हणून तेलाचा थर कायम राखावा.

तीन फेजची जोडणी नसलेल्या घरात एक फेज घेऊन मोटारीला तीन फेज देणारा व्हीएफडी वापरता येतो. वेग बदलण्याची सोयही त्यातच मिळते. तो निवडताना एक फेजवर चालणारा आहे याची खातरजमा करावी. काम अर्ध्यावर असताना वीज गेल्यास साध्या स्टेपर यंत्राचा ठावठिकाणा हरवतो. नियंत्रकाला बॅटरीचा आधार आणि प्रत्येक अक्षाला आरंभबिंदू दाखविणारा स्विच असल्यास काम पुन्हा तेथूनच उचलता येते. उत्तम अर्थिंगला पर्याय नाही.

जुळवणी आणि सुरक्षितता

जोडणी संपली म्हणजे यंत्र तयार झाले असे नाही. अक्ष परस्परांशी ‘गुण्यात’, म्हणजे काटकोनात आहेत का, हे डायल गेज लावून तपासावे. गेज स्पिंडलला बांधून टेबलावर २०० मिलिमीटरच्या वर्तुळात फिरविल्यास काटा ०.०२ मिलिमीटरपेक्षा अधिक हलू नये. हलत असल्यास खांबाखाली पातळ पत्रा सरकवून दुरुस्ती करावी. पहिले काप ॲल्युमिनियमवर घ्यावेत. त्यानंतर यंत्राने स्वतःचेच काही भाग, उदाहरणार्थ मोटारीच्या बैठका, अधिक चांगले कापून बदलून घ्यावेत. अनेक बांधणाऱ्यांचे यंत्र अशा दुसऱ्या फेरीतच खऱ्या अर्थाने कामाचे होते.

तापलेला धातूचा कीस वेगाने उडतो. डोळ्यांवर चष्मा, यंत्राभोवती आडोसा आणि हाताशी येईल असे लाल आणीबाणीचे बटण ही किमान तयारी. फिरत्या कटरजवळ हातमोजे, सैल बाही किंवा उपरणे घालून जाऊ नये. कीस हाताने न काढता ब्रशने काढावा.

बांधावे की घ्यावे?

केवळ एक भाग हवा असेल तर यंत्र बांधणे शहाणपणाचे नाही. नागपूरची फेरीच स्वस्त पडेल. जुने, पण रूळ न झिजलेले हातचाकाचे मिलिंग यंत्र मिळत असेल, तर ते घेऊन त्यावर बॉल स्क्रू व मोटारी बसविणे हा बहुतेकांसाठी उत्तम मार्ग आहे. त्यात सर्वांत महाग गोष्ट, म्हणजे बिडाचा ताठ सांगाडा, आयती मिळते. मुळापासून बांधणी त्यांनी करावी, ज्यांना यंत्राबरोबर विद्याही हवी आहे.

आणि चामोर्शीसारख्या ठिकाणी प्रश्न विद्येचाच आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून फिटर, टर्नर, मशिनिस्ट होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांना कामासाठी जिल्हा सोडावा लागतो. मोठा पोलाद कारखाना टनांच्या हिशेबात चालतो; गिरणीचा एक शाफ्ट हे त्याचे काम नव्हे. ते काम गावातील लहान कार्यशाळेचेच असते. सपाट पृष्ठभाग कसा मिळवावा, काटकोन कसा तपासावा आणि दाबाखाली लोखंड किती वाकते, हे एकदा हातात आले की यंत्र बिघडले तरी ते दुरुस्त करणारा माणूस गावातच असतो. ऐन हंगामात बंद पडलेल्या गिरणीला त्याचीच गरज असते.